स्तामातामावशीचे हात

आमच्या गावात औषधांचं दुकान एकच, आणि ते माझं. तरीही सत्तावीस वर्षं मला स्पर्धा होती. त्या स्पर्धेला ना परवाना, ना पाटी, ना पांढरा कोट. खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत निळ्या दाराचं एक घर, कठड्यावर उन्हात मांडलेल्या काचेच्या बरण्या, आणि आत स्तामातामावशी.

गावात कुणाच्या टाचा फुटल्या, कुणाच्या बाळाच्या टाळूवर पापुद्रे धरले, कुणाची कंबर धरली, कुणाचं पोट तीन दिवस साफ झालं नाही, की माणूस आधी मावशीच्या दारात. ‘हे माझ्या हातचं नाही, मिल्तोकडे जा’ असं ती म्हणाली तरच तो माझ्याकडे. म्हणजे माझ्या दुकानात येणारा प्रत्येक रोगी तिनं वाटेला लावलेला. अथेन्सला पाच वर्षं घासून मिळवलेल्या पदवीचं हे चीज!

तिचं औषध एकच, ऑलिव्हचं तेल. सकाळी उपाशीपोटी एक चमचा, त्यावर लिंबू. दुपारी पावाचा शेवटचा तुकडा ताटलीतलं तेल पुसून घ्यायला राखून ठेवलेला. शनिवारी केसांना, थंडीत ओठांना आणि कोपरांना. साबणही तिचा तिनंच केलेला, घाण्याच्या तळाशी राहिलेल्या गाळाचा, दिसायला विटेसारखा, पण अंगाला लावला की रेशमासारखा मऊ. आणि त्या कठड्यावरच्या बरण्या! जूनमध्ये संत यानिसच्या सणाला डोंगरावरून एक पिवळं रानफूल तोडून आणायचं, तेलात बुडवायचं आणि बरणी चाळीस दिवस उन्हात ठेवायची. तेल लाल होत होत पार डाळिंबाच्या रसासारखं होतं. खरचटलं, सोललं, चावलं, सगळ्यावर ते लाल तेल.

तिचा चेहरा मिठात मुरवलेल्या काळ्या ऑलिव्हसारखा होता. हे मी नाही, तीच म्हणायची. हात मात्र पंचविशीतल्या बाईचे. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ती काठी घेऊन झाडं झोडपत होती, सडा वेचत होती, पोती उचलत होती, आणि हात असे की माझ्या दुकानात मलम न्यायला आलेल्या बायका तिच्या बोटांकडे बघत आणि मलम परत फळीवर ठेवत. त्या हातांचा मी फार हेवा केला.

एकदा वैद्यकीय मासिकात एक लेख आला. आमच्यासारख्या तेलावर जगणाऱ्या लोकांची हृदयं लोण्यावर जगणाऱ्यांपेक्षा बरी चालतात, आणि नव्या हिरव्या तेलाची जी मिरची घशात लागते, तिच्यातच सूज उतरवायचा काही गुण आहे, असं त्यात होतं. मावशी पन्नास वर्षं दुसरं काय सांगत होती? ‘जे तेल दोनदा खोकायला लावत नाही, ते दिव्यात घाल, पोटात घालू नको.’ मी ते मासिक काउंटरखाली दडवलं आणि तीन वर्षं बाहेर काढलं नाही. माझ्याही संसाराला पोट होतं.

पण खोटं का बोलू, ती भोंदू नव्हती. कानात तेल घालायला कुणी आलं तर हाकलून द्यायची. लाल चट्टे उठून खाजवणारं बाळ आणलं तर पदरचं काही न लावता माझ्याकडे पाठवायची. तिला आपली हद्द कळत होती, आणि म्हणूनच लोकांचा तिच्यावर विश्वास होता.

एका जानेवारीत माझेच हात फुटले. दिवसभर स्पिरिटनं पुसायचे आणि साबणानं धुवायचे; बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, त्यातून रक्त यायला लागलं. दुकानातली चार मलमं झाली. मावशी माझ्या बायकोला अंडी द्यायला आली होती, तिनं काउंटरवरून माझं मनगट पकडलं.

“हे काय रे, मिल्तो?”

“काही नाही. थंडी.”

“दुकानभर मलमं मांडलीस, त्यातलं एकही मालकाला लागू पडत नाही?”

“येतोय गुण हळूहळू.”

“येतोय का जातोय? संध्याकाळी घरी ये. लोकरीचे मोजे घेऊन ये. धुतलेले आण हो. तुझे पाय मला ठाऊक आहेत, लहानपणी मीच चोळलेत.”

गेलो. मागच्या गल्लीनं, मान खाली घालून गेलो. तिनं गरम पाण्याच्या वाडग्यात तेलाची वाटी ठेवून तेल कोमट केलं आणि एकेक बोट घेऊन मुळापासून नखापर्यंत चोळलं. सोबत तोंड चालूच.

“केवढा वास येतो रे तुझ्या हातांना. हॉस्पिटलचा. बायको जवळ तरी येऊ देते का?”

“मावशी!”

“विचारलं तर काय झालं? आम्हाला काय, आम्ही बिनलग्नाच्या. ऐकूनच शहाणं व्हायचं.”

मग हातांत मोजे चढवून तिनं मला घरी पाठवलं. आठवडाभर असं झालं आणि भेगा मिटल्या. मी हे कुणालाही सांगितलं नाही. तिनं सगळ्या गावाला सांगितलं.

तिच्या नावाची गोष्ट सांगायला हवी. चार मुलींनंतर पाचवी झाली तेव्हा वैतागलेल्या बापानं तिचं नाव स्तामाता ठेवलं, म्हणजे ‘थांब’. देव काही थांबला नाही, तिच्या पाठीवर आणखी दोन मुली झाल्या. ती स्वतः यावर हसायची. पण गावाच्या मनात ते नाव बसलं होतं. आमच्याकडे बाळाला पाण्यात बुडवून नाव द्यायच्या आधी त्याची नोना, म्हणजे धर्ममाता, चर्चमध्ये सगळ्यांसमोर त्याला नखशिखान्त तेल लावते. कुणी नोना झालं की आम्ही म्हणतो, ‘तिनं त्याला तेल लावलं.’ तिथून ते बाळ जन्मभर तिचं. पण ‘थांब’ नावाच्या बाईनं तेल लावलं तर आईची कूस तिथंच थांबेल, अशी बायकांची भीती. म्हणून गावातल्या प्रत्येक पोराची टाळू जिनं चोळली, तिला एकाही पोरानं नोना म्हटलं नाही. बारशाला ती मेणबत्त्यांच्या मागं उभी राहायची आणि दुसरी कुणीतरी घाबरत घाबरत बाळाला तेल लावताना बघायची. तिचे हात तेव्हा अ‍ॅप्रनखाली हलत असायचे. मला ते दिसायचं आणि वाईट वाटायचं. बोललो मात्र कधी नाही.

मग तो नोव्हेंबर आला.

तीस तारखेला, संत आंद्रेयासच्या दिवशी, आमच्याकडे घरोघरी पिठाचे गुलगुले तळून मधात बुडवतात. नाही तळले तर पॅनला भोक पडतं म्हणतात. घाण्यावरून नवं तेल नुकतंच आलेलं असतं, त्यामुळे कुणी भोकाची परीक्षा घ्यायला जात नाही. मावशीच्या शेजारी अन्थूला राहते. नवरा जहाजावर, पोटात पाचवा महिना, आणि पाच वर्षांची मिर्सिनी पायात घोटाळणारी. गुलगुला लवकर मिळावा म्हणून मिर्सिनीनं पॅनचा दांडा ओढला आणि उकळतं तेल तिच्या डाव्या हातावर आलं.

अन्थूलाची किंकाळी गल्लीभर गेली. शेजारणी पायऱ्यांवर येऊन डोक्याला हात लावून उभ्या राहिल्या. मावशी धावली. जाताना कठड्यावरची एक बरणी उचलली, ते लाल तेल पोरीच्या हातावर ओतलं, धुतलेल्या फडक्यात हात गुंडाळला आणि तिला मांडीवर घेऊन बसली. पोरगी रडून रडून गप्प झाली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, उतार पडला. तीन तासांनी ती थरथरायला लागली, तेव्हा माझ्याकडे आणली.

मी फडकं सोडलं. काय दिसलं ते लिहीत नाही. ताज्या भाजल्यावर थंड पाण्याची धार धरायची, वीस मिनिटं, आणि दुसरं काहीही लावायचं नाही. तेल लावलं की धग आतच कोंडते. आमच्या बेटावर मात्र आजी, पणजी, खापरपणजी, सगळ्या भाजल्यावर तेलच ओतत आल्या आहेत. मी ॲम्ब्युलन्स बोलावली, करता येण्यासारखं होतं ते केलं. दुकान गच्च भरलेलं होतं, निम्मं गाव खोकत आलेलं. मावशी दारात उभी होती, ती बरणी अजून हातात.

“बरं होईल ना रे, मिल्तो?” तिनं विचारलं.

मी घाबरलो होतो. घाबरलेला शिकलेला माणूस फार वाईट बोलतो. मी म्हणालो, “बरं? पोरगी तेलात एकदा भाजली होती, मावशी. तू तिला दुसऱ्यांदा तळलंस!”

दुकानातलं खोकणंसुद्धा थांबलं.  मावशीनं बरणीचं झाकण लावलं, नीट फिरवून घट्ट लावलं, आणि निघून गेली. हे वाक्य मी आजही गिळू बघतो, गिळवत नाही.

मिर्सिनी सतरा दिवस बेटाच्या शहरात, मितिलिनीच्या हॉस्पिटलात होती. डॉक्टर म्हणाले, लगेच पाणी ओतलं असतं तर कमी भाजलं असतं, पण किती कमी ते सांगता येणार नाही. हात वाचला. कोपरापासून मनगटापर्यंत वण राहिला.

त्या दिवसापासून मावशीनं तेलाला हात लावला नाही. लोक येत, ती दारातूनच म्हणे, “मिल्तोकडे जा.” म्हातारे कण्हत कुथत माझ्याकडे यायला लागले. माझा धंदा असा वाढला जसा सत्तावीस वर्षांत वाढला नव्हता, आणि मला सकाळी दुकान उघडावंसं वाटेना.

फेब्रुवारीत ती स्वतः आली. रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा तिनं दोन्ही हात काउंटरवर ठेवले. पेरं फुटली होती, तळव्यांना भेगा होत्या, अंगठ्याजवळ रक्त सुकलं होतं.

“हाताला काहीतरी दे. तुला योग्य वाटेल ते.”

“मावशी, घरी डबे भरून तेल आहे तुझ्या.”

“खाते मी ते. हातात नाही घेत.”

“त्या दिवशी मी जे बोललो…”

“खरं बोललास. खरं बोलून झाल्यावर ते परत मागायला येऊ नये माणसानं. ट्यूब दे.”

मी ट्यूब दिली. ती जाईना. मागचा माणूस औषधांच्या खोक्यांवरची नावं वाचल्यासारखं करत होता. मग ती हळू आवाजात म्हणाली, “मी तुझ्यावर रागावलेले नाही रे. मला ह्या हातांचीच भीती वाटते. जन्मभर हे आधी धावले आणि मी यांच्या मागून गेले. आता कुणाचं पोर रडलं की हे धावायला बघतात, आणि मी यांना अ‍ॅप्रनखाली दाबून धरते.”

 मी तिला दारापर्यंत सोडायला गेलो.

एप्रिलमध्ये अन्थूलाला मुलगा झाला. त्याच्या टाळूवर पापुद्रे धरले. तो उपचार मावशीनं डोळे मिटून केला असता, पण तिनं त्याला माझ्याकडे पाठवलं. मिर्सिनीची जखम तोवर भरली होती. आता वण आखडू नये म्हणून रोज दोनदा साधं तेल लावून चोळा, असं डॉक्टरांनी सांगितलं, तर पोरगी कुणाला हात लावू देईना. आईला नाही, आजीला नाही. मी प्रयत्न केला, तर माझ्या अंगठ्याला कडकडून चावली. भर उन्हाळ्यात ती लांब बाह्यांचा झगा घालून फिरायची. जूनमध्ये संत यानिसचा सण आला नि गेला. मावशीच्या कठड्यावर एकही बरणी आली नाही.

मी दर शनिवारी रक्तदाब मोजायच्या निमित्तानं तिच्याकडे जायला लागलो. तिचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला होता, ते तिलाही ठाऊक होतं. ऑगस्टमधल्या अशाच एका शनिवारी आम्ही पायरीवर बसलो होतो, तिच्या दंडाला माझा पट्टा, आणि अन्थूला बाळाला कडेवर घेऊन आली. मागं मिर्सिनी, मनगटापर्यंत बटणं लावलेली.

“मावशी, बाळाला तेल तू लावायचंस.”

“मी नाही लावत आता. हा बसलाय ना, याला दाखव.”

“तसं नाही. चर्चमध्ये लावायचंस. नोना तू.”

माझ्या हातातला पट्ट्याचा रबरी फुगा दाबायचा राहिला. मावशीनं अन्थूलाकडे बघितलं, मग बाळाकडे.

“डोकं फिरलंय का तुझं? माझं नाव ठाऊक आहे ना? पोटाला कुलूप लागेल.”

“लागू दे की! दोन झाली, पुरे झाली. नवरा वर्षातून दोनदा घरी येतो आणि दोन्ही खेपांना मला धडकी भरते. कुलूप लागलं तर तुझ्या नावानं माझ्याएवढी मेणबत्ती लावीन.”

“पोरीचा हात बघितलास ना? हे हात पुन्हा तुझ्या लेकराला लावू?”

अन्थूला पायरीवर टेकली. तिचा आवाज बदलला. “त्या हातासाठीच आले, मावशी. त्या दिवशी मी तिची आई, नुसती किंचाळत उभी होते. सगळी गल्ली उभी होती. तू धावलीस. काय घेऊन धावलीस ते चुकलं. धावलीस ते कसं चुकेल?”

आमच्याकडे तेलाला नकार देत नाहीत. ज्या बाळाला नोना नकार देते त्याला देवाच्या दारात कुणी ओळखत नाही, असं म्हणतात. मावशीला तर ते घुटीतच मिळालेलं. तिला नाही म्हणता येईना. जे तिनं जन्मभर मेणबत्त्यांमागं उभं राहून मागितलं, ते दारात चालत आलं होतं, आणि तिला ते घ्यायची भीती वाटत होती. शेवटी ती “बरं” म्हणाली. ते ‘बरं’ ऐकून मला रडू आलं. पट्टा सोडायच्या निमित्तानं मी तोंड फिरवलं.

बारशाच्या तीन दिवस आधी, दुपारी गाव झोपलेलं असताना, ती दुकानात आली.

“हातमोजे आहेत? डॉक्टर लोक घालतात ते?”

“आहेत. कशाला?”

“रविवारी घालीन म्हणते. तेलही लागेल आणि माझा हातही पोराला लागणार नाही. देवाची आणि पोराची, दोघांची सोय.”

माझ्याकडे हातमोजे दोन प्रकारचे असतात. वरच्या फळीवर निळे, जाड, ज्यांना तेल, तेजाब काही करत नाही. खालच्या फळीवर पातळ, रबराचे. रबर आणि तेल यांचं हाडवैर. हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो. गावातली तरुण मुलं दुसऱ्या एका कामाचं रबर माझ्याकडून मान खाली घालून नेतात, त्यांनाही मी दरवेळी बजावतो की बाबांनो, याच्याजवळ तेल आणू नका, नाहीतर पुढच्या वर्षी माझ्याकडे बाळाची पावडर न्यायला याल.

मी खाली वाकलो आणि पातळ मोज्यांचा डबा काढला.

“टिकतील ना रे?”

“उत्तम आहेत,” मी म्हणालो. गिऱ्हाईकाला मालाबद्दल मी सांगितलेलं ते पहिलं खोटं.

रविवारी चर्चमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. पापा-स्त्रातिस, आमचे पाद्री, पोथी उघडून उभे राहिले आणि त्यांचं लक्ष मावशीच्या हातांकडे गेलं. पांढरे मोजे, कोपराकडे ओढून घेतलेले.

“हे काय, स्तामाता? मी बाळाचं नाव ठेवायला आलोय, अपेंडिक्स काढायला नाही.”

“तू तुझं वाच, पोरा. रांगायचास तेव्हा तुझ्या ढुंगणाला कुणी तेल लावलं, ते सांगू इथं?”

मागच्या रांगा खुदखुदल्या. पापा-स्त्रातिसनी घाईघाईनं प्रार्थना सुरू केली, तेलाला आशीर्वाद दिला, बाळाच्या कपाळावर, छातीवर क्रूस काढले, आणि उरलेलं तेल मावशीच्या ओंजळीत ओतलं. अन्थूलानं उघडं बाळ पुढं धरलं.

मावशीनं तेल लावायला सुरुवात केली. कशी, तर खिडकीची काच पुसावी तशी. हात ताठ, बोटं मिटलेली, नजर दुसरीकडे. रबर कुरकुर वाजत होतं आणि बाळानं टाहो फोडला. पोटावर एक फेरी झाली, पाठीवर झाली. मोजे धडधाकट. मी घामानं भिजलो. सत्तावीस वर्षं माझ्याकडच्या मालाबद्दल लोक तक्रारी करत आले, आणि नेमका त्या दिवशी कंपनीनं चांगला माल पाठवला की काय!

मग रबर सैल पडायला लागलं. बोटांवर सुरकुत्या आल्या, तळव्यावर फुगा धरला. मावशीला ते जाणवलं असावं, ती थबकली. आणि त्याच क्षणी बाळानं पाय झाडले. तेलानं माखलेलं चार महिन्यांचं पोर, ते कुणाच्या हातात राहतं? ते अन्थूलाच्या कोपरावरून घसरलं. अन्थूला किंचाळली. सगळं चर्च किंचाळलं.

मावशीचे हात आधीच खाली पोहोचले होते. एक मानेखाली, एक ढुंगणाखाली. तिनं बाळ धरलं, इतकं घट्ट की मोज्यांच्या चिंध्या झाल्या, आणि तिची दहाही उघडी बोटं त्या लेकराच्या पाठीला लागली.

 तिनं बाळाला छातीशी धरलं आणि स्वतःच्या बोटांकडे बघितलं. मग गर्दीत मला शोधून काढलं.

“मिल्तो!” तिचा आवाज घुमटापर्यंत गेला. “तुझ्या दुकानात चांगला माल मेला मिळणारच नाही का कधी?”

लोक इतके हसले की मेणबत्त्या फडफडल्या. मनगटाला राहिलेली रबराची कडी तिनं दातांनी ओढून काढली, बाळ पुन्हा अन्थूलाच्या हातांवर ठेवलं आणि उरलेलं तेल घेतलं. आता बोटं उघडली. कानांच्या पाळीमागं, गळ्याच्या वळीत, काखेत, पायांच्या बोटांमध्ये. “माझ्या डोळ्यांनो, माझ्या सोन्या, किती मळ साठवलास रे इथं, आईला दिसला नाही होय?” ती बोलत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मी तर हुंदके देत होतो, आणि बायको मला कोपरानं ढोसत होती.

तेल लावून झालं. पापा-स्त्रातिसनी बाळाला पाण्यात बुडवण्यासाठी हातांत घेतलं. तेवढ्यात मिर्सिनी पुढं आली. हातातली मेणबत्ती तिनं आईकडे दिली, डाव्या बाहीची बटणं एकेक करून काढली आणि बाही कोपराच्या वर सरकवली. गावानं तो वण तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तिनं हात मावशीसमोर धरला.

“माझं राहिलं,” ती म्हणाली.

मावशी एक पाऊल मागं सरली. तेलानं माखलेले हात तिनं पाठीमागं नेले. आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

“मिल्तो, चालतं का रे?”

त्या दिवशी माझ्या दुकानात जे होते, ते सगळे तिथं होते. खोकणारे, रांगेतले, सगळे. त्यांनी तेव्हा ऐकलं होतं, आताही ऐकायला हवं होतं. मी बाकाचा आधार घेऊन उभा राहिलो आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, “चालतं, मावशी. तेव्हा पाणी हवं होतं. आता तेल हवं. आणि ते तुझ्याच हातचं हवं.”

तिनं मिर्सिनीचा हात दोन्ही तळव्यांत घेतला. पोरीनं डोळे घट्ट मिटले, खांदे वर घेतले, पण हात काढून घेतला नाही. पापा-स्त्रातिस उघड्या बाळाला छातीशी धरून उभे होते, आणि त्यांचा काळा झगा तेलानं भिजत होता.

“सावकाश होऊ दे,” ते म्हणाले. “पाणी अजून कोमट आहे.”